तळघरात उतरा, जरा सांभाळून

चपला पायातच राहू द्या. खालची जमीन गार आहे, थोडी ओलसर आहे, आणि कुठली वायर कुठून कुठं गेलीय हे दिव्याखेरीज कळायचं नाही. भिंतीला हात लावून उतरा.

बाहेरच्या उन्हानं तुमचा शर्ट पाठीला चिकटलाय. हे लुईव्हिल, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं ओहायो नदीकाठचं शहर. साल १९९०, ऐन उन्हाळा. नदीवरची हवा दमट, घाम वाळतच नाही. झाडांवरचे किडे सकाळपासून एका सुरात कर्कश ओरडताहेत. रस्त्यानं येताना ताज्या कापलेल्या गवताचा आणि यंत्रातल्या पेट्रोलचा वास नाकात भरला होता. तळघराचं दार उघडलं आणि तो गेला. आता ओल्या भिंतीचा वास येतोय, जुन्या गालिच्याचा येतोय आणि या दोन्हींच्या वर तरंगणारा तिसरा एक वास आहे. तासन् तास चालू असलेल्या अँपच्या आत धूळ भाजते ना, तो. हा वास ज्यानं एकदा घेतला त्याला कुठल्याही बँडचं तालमीचं ठिकाण डोळे मिटून ओळखता येतं.

चार मुलं आहेत, विशीच्या आसपासची. ड्रमवर ब्रिट वॉलफर्ड. हे त्याच्या आईवडिलांचं घर. गिटारवर ब्रायन मॅकमॅहन आणि डेव्हिड पाजो, बेसवर टॉड ब्रॅशिअर. बँडचं नाव स्लिंट. यांचा पहिला अल्बम ‘ट्वीझ’ येऊन गेलाय. तो शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनीनं ध्वनिमुद्रित केला होता. तो चिरका, उड्या मारणारा, खोडसाळ होता. ते ध्वनिमुद्रण न आवडल्यामुळे आधीचा बेसवादक ईथन बकलर बाहेर पडला आणि टॉड आत आला. आता दुसऱ्या अल्बमची तयारी चाललीय. कोपऱ्यात जागा करून बसा. कुणी तुमच्याकडे बघणार नाही, त्यांना तेवढी फुरसत नाही.

पहिली गोष्ट तुमच्या पोटाला कळते. बेसचा सूर कानांच्या आधी बरगड्यांत शिरतो. मग गिटार येते, आणि तुम्ही दचकता, कारण ती मोठ्यानं वाजतच नाही. रॉक बँडच्या तालमीला आलोय म्हटल्यावर तुम्ही कानात कापसाचे बोळे घालायच्या तयारीत होता. इथं तारांवर बोट घासल्याचा आवाजही ऐकू येतोय. तीच चार-पाच सुरांची वळणं. पुन्हा तीच. पुन्हा. तुम्हाला वाटतं आता पुढं जातील. नाही जात. थांबतात, आणि तार वरून खाली छेडायची की खालून वर, यावर बोलणं सुरू होतं. चेहरे गंभीर. दोन गिटारी एकाच क्षणी एकाच दिशेनं छेडल्या गेल्या तर सुराची कड वेगळी लागते, आणि या मुलांना ती कडच हवी आहे. पुन्हा पहिल्यापासून.

मात्रा मोजायचा मोह होईल, मोजा खुशाल. ‘नॉस्फेराटू मॅन’ नावाचं जे गाणं घडतंय, ते पाचाच्या हिशेबात चालतं. चाराची सवय असलेला पाय दरवेळी एक पाऊल लवकर पडतो. घरात तबला ऐकत वाढला असाल तर अर्धा झपताल मनात धरा, पाय रुळावर येईल. ब्रिटकडे बघा. त्याचा हात घाई करत नाही. ठोका जिथं पडायला हवा तिथं न पडता त्याच्या किंचित पलीकडे पडतो आणि मधली पोकळी तुम्हाला श्वासासारखी जाणवते. पोकळी वाजवता येणारा ड्रमर विशीत मिळणं फार दुर्मीळ.

गाणारं कुणीच नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. बोल अजून झालेलेच नाहीत. सहा गाणी आकाराला आलीत आणि एकालाही शब्द नाहीत. गाणारा आवाज नाही, म्हणून कुणाला ओरडावं लागत नाही, म्हणून गिटारी एवढ्या हळू वाजू शकतात. या अल्बमची निम्मी जादू या साध्या अडचणीतून आली, असं मला ठामपणे वाटतं.

वर घर चालू आहे. डोक्यावरच्या लाकडी जमिनीवरून कुणीतरी चालत जातं, कुठंतरी नळ सुटतो, दार बंद होतं. खाली तीच ओळ शंभराव्यांदा वाजतेय आणि वरून कुणी ‘बास करा आता’ असं ओरडत नाही. जगातल्या कितीतरी चांगल्या बँडांच्या मागे असे आईवडील असतात. रेकॉर्डच्या पाकिटावर त्यांची नावं नसतात. ती असायला हवीत.

निघण्यापूर्वी एक काम करा. ते फिरणारं कॅसेटचं यंत्र दिसतंय का? मुलं आपली तालीम टेपवर घेताहेत, उद्या ऐकून चुका काढायला. ती कॅसेट नीट बघून ठेवा.

आता शिकागो. उत्तरेकडे मोटारीनं पाचेक तासांचा रस्ता. खिडक्या उघड्या, दोन्ही बाजूंना मका, मका आणि मका. ब्रिट आणि ब्रायन शिकागोला लागून असलेल्या एव्हन्स्टन गावात, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकायला गेले होते. काही गाण्यांचे सुरुवातीचे तुकडे त्यांनी तिथंच टेपवर पकडले. त्यामुळे हे शहर त्यांना नवखं नाही. तुम्हाला मात्र डोक्यावरून जाणारी रेल्वे दचकवेल. लोखंडी खांबांवर उभा असलेला रूळ, त्यावरून खडखडत गेलेली गाडी, आणि ती गेल्यावरही दातांत राहिलेली थरथर. ऑगस्टचं ऊन डांबरातून वर येतंय. रिव्हर नॉर्थ भागातल्या स्टुडिओचं जाड दार मागे बंद होतं आणि एकदम कानांना दडे बसल्यासारखं होतं. इथं बाहेरचं काही ऐकू येत नाही. स्वतःचं गिळणं ऐकू येतं.

काचेपलीकडे ब्रायन पॉल्सन बसलाय, ध्वनिमुद्रण करणारा. टेपची मोठाली चाकं फिरताहेत, त्यांना एक गोडसर, प्लास्टिकसारखा वास आहे. कागदी कपांत कॉफी गार झालीय. पॉल्सनचा कल साधा आहे: सगळ्यांनी एका वेळी वाजवायचं, जसं वाजतं तसं घ्यायचं, फार रंगरंगोटी नको. म्हणजे कुणी चुकलं तर सगळे चुकले. पण त्या तळघरात घासून घासून यांचे हात असे एकमेकांत बसलेत की फार वेळा वाजवायची गरजच पडत नाही. चार दिवसांत सगळा अल्बम. उन्हाळाभर गाळलेला घाम, आणि टेपवर उतरायला चार दिवस.

आणि त्या चार दिवसांतच बरेचसे शब्द पक्के होतात. तुमच्या शेजारी बसून कागदावर लिहिले जाताहेत, खोडले जाताहेत. ‘ब्रेडक्रम ट्रेल’मध्ये एक जत्रा आहे, एक भविष्य सांगणारी बाई आहे आणि रोलर कोस्टरवरची एक फेरी. ब्रायन मॅकमॅहन ते गात नाही, सांगतो. आवाज इतका खाली की तुम्ही नकळत पुढं झुकता, खुर्ची करकरते, आणि तुम्ही ओशाळून जागच्या जागी गोठता. मग गिटारी अचानक अंगावर येतात. आत्तापर्यंत पुटपुटणारा मुलगा ओरडू लागतो आणि तुमच्या मानेवरचे केस उभे राहतात. नंतर जगभरच्या बँडांनी ही हळू-मोठ्याची तऱ्हा उचलली. स्कॉटलंडचा मॉग्वाई तर यांचं ऋण उघड सांगतो. पण तुम्ही ती काचेच्या अलीकडे बसून, पुढं काय होणार हे माहीत नसताना ऐकताय, त्याची सर कशाला येणार?

‘डॉन, अमन’ला ड्रम नाहीत. ब्रिट काठ्या खाली ठेवून गिटार घेतो, पाजो समोर बसतो, दोनच गिटारी. आवाजही ब्रिटचाच. एका पार्टीतून उठून अंधारात बाहेर आलेल्या माणसाची गोष्ट आहे. चार लोकांत असताना आपण इथले नाही असं ज्याला कधी वाटलंय, त्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. खोलीत इतकी माणसं आहेत आणि कुणी पाय हलवत नाही. ‘वॉशर’ जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे, त्यात एवढा वेळ उलगडत जातं काहीतरी, की शेवटी आवाज फुटतो तेव्हा तुम्हाला जवळपास आभार मानावेसे वाटतात.

शेवटचं गाणं आलं की उभे राहा. ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’. बुडालेलं जहाज, किनाऱ्यावर पोहोचलेला कप्तान, दार, आणि दारापलीकडचं लहान मूल. बेस एका जागी घोटाळत राहतो, गिटार टोचत राहते. सात मिनिटं तुम्ही वाट बघता. अखेर ब्रायन जे ओरडतो त्याला गाणं म्हणायचं का, ठाऊक नाही. गिटारींच्या वर पोहोचायचं म्हणून तो गळा, फुफ्फुस, पोट सगळं पणाला लावतो. एवढं, की त्या ताणानं त्याला खरोखरीच मळमळून येतं आणि तो आजारी पडतो. तुमचे तळहात घामेजलेत. दारात गर्दी करू नका, त्याला वाट द्या.

बाहेर पडलात? मोकळी हवा घ्या. अजून एक जागा बघायची आहे, आणि तिथं कपडे भिजणार आहेत.

लुईव्हिलहून पूल ओलांडला की नदीपलीकडे इंडियाना राज्य. जेफरसनव्हिलवरून काठाकाठानं थोडं वर गेलं की युटिका नावाचं छोटं गाव. तिथं दगडाची जुनी खाण आहे, पाण्यानं भरलेली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाच्या पोरांना अशी खाण माहीत असते आणि ‘तिथं पोहायला जायचं नाही’ ही घरची तंबीही पाठ असते. इथली पोरंही तशीच आहेत, सरळ पाण्यात. शिरा तुम्हीही. वरचं वीतभर पाणी उन्हानं कोमट, पाय खाली गेले की एकदम गार. तळ लागत नाही. कपारींच्या कडांवर खडूसारखी पांढरी धूळ, तिचा हात लागला की बोटं कोरडी पडतात. चौघं गळ्यापर्यंत पाण्यात, खाली हातपाय मारताहेत म्हणून तरंगताहेत, आणि विल ओल्डहॅम नावाचा त्यांचा मित्र कॅमेरा घेऊन बसलाय. पुढं हा स्वतः मोठा गायक होणार आहे, आज फक्त फोटो काढतोय. तुम्ही जरा बाजूला व्हा, चौकटीत येताय.

हाच तो फोटो. काळ्या-पांढऱ्या पाण्यावर चार डोकी, हसू फुटायच्या बेतात, मागं कातळाची भिंत. रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, नुसती ही चार डोकी. आतलं संगीत ऐकल्यावर लोकांना हा फोटो भीतिदायक वाटू लागला, त्यावरून कायकाय कहाण्या पिकल्या. तुम्ही तर पाण्यात होता. तिथं चाललेला दंगा तुम्ही ऐकलाय. मला तो फोटो नेहमीच आनंदाचा वाटत आलाय. नावाचंही तसंच. टॉडच्या धाकट्या भावाला हे संगीत कोळ्यासारखं वाटलं, त्यावरून ‘स्पायडरलँड’.

यानंतर जे होतं ते भरभर बघून घ्या, कारण ते बघवत नाही. अल्बम बाजारात येण्याआधीच बँड मोडतो. ब्रायन बाहेर पडतो, ठरलेला युरोपचा दौरा बारगळतो, तळघर शांत होतं.

१९९१ चा वसंत. लुईव्हिलच्या बार्ड्सटाउन रोडवर इअर एक्स-टसी नावाचं रेकॉर्डचं दुकान आहे, तिथं चला. दार ढकललं की पुठ्ठ्याचा आणि प्लास्टिकच्या वेष्टनाचा वास. माणसं रांगेतल्या रेकॉर्डी दोन बोटांनी पुढं ढकलत जाताहेत, ठप, ठप, ठप. ‘स्पायडरलँड’ शिकागोच्या टच अँड गो कंपनीनं काढलाय. वाट बघणारी झुंबड नाही, भिंतीवर पोस्टर नाही, वाजवून दाखवायला बँडच उरलेला नाही. एक प्रत उचला. मागच्या बाजूला कोळ्याचा फोटो आहे. गाणाऱ्या मुलींनी पत्र लिहावं असं एक आवाहन आहे, घरच्या पत्त्यासकट. इंग्लंडच्या पी. जे. हार्वेनंही लिहिलं होतं, असं सांगतात. सीडी घेतलीत तर तिच्यावर, हे रेकॉर्डवर ऐकायचं म्हणून केलंय, अशी सूचना छापलेली सापडेल. सीडी विकताना असं छापायला धाडस लागतं.

घरी जाऊन सुई ठेवा. चाळीस मिनिटांना थोडी कमी, सहा गाणी. ऐकून झाल्यावर कुणाला तरी फोन करावासा वाटेल. तसंच झालं. अल्बिनीनं ‘मेलडी मेकर’ या इंग्लंडच्या संगीत साप्ताहिकात दहा तारे दिले आणि यांना प्रत्यक्ष न बघितलेले लोक पुढं बघितल्याच्या थापा मारतील, असं भाकीत केलं. मित्रानं मित्राला कॅसेट भरून दिली, त्यानं तिसऱ्याला. १९९५ मध्ये ‘किड्स’ या सिनेमाच्या संगीतात ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’ वाजलं आणि आणखी कितीतरी कान वळले. ज्या बँडला आपल्या गावात जेमतेम श्रोते होते, त्याच्या नावानं दूरदेशीची मुलं गिटारी लावू लागली.

आता मोठी उडी. हात धरा. २०१४, एप्रिल.

तुमच्या मांडीवर एक खोका आहे, आणि मांडी अवघडतेय, एवढा तो जड आहे. ‘स्पायडरलँड’ पुन्हा निघालाय. १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड, सीडी, १०४ पानांचं पुस्तक, आणि लान्स बँग्सनं बनवलेला ‘ब्रेडक्रम ट्रेल’ हा माहितीपट. असे खोके फक्त ३,१३८ काढले. बॉब वेस्टननं मूळ टेपांवरून नव्यानं मास्टरिंग केलंय. नवी शाई, नवा पुठ्ठा, बोटांना खरखरीत लागणारा कागद. पुस्तकाची प्रस्तावना विल ओल्डहॅमची, तोच, खाणीवरचा.

पुन्हा काढलेल्या अल्बमांबद्दल मी सहसा सावध असतो. जुनंच दूध पाणी घालून विकायचा प्रकार फार चालतो. शिल्लक फिती, अर्धवट गाणी, ‘हेही ऐका’ म्हणून भरलेला गाळ. इथं मुख्य सहा गाण्यांशिवाय चौदा तुकडे आहेत, आणि मला विचाराल तर खोक्याची खरी किंमत त्यांच्यातच आहे. सगळ्यात आधी ‘वॉशर’ची तालीम लावा. त्यावर स्वच्छ लिहिलंय: तळघरातली.

आवाज वाढवा. ओळखू येतंय? फितीची सरसर, भिंतीवर आपटून परत येणारा ड्रम, खोलीचा तो बसका घुमारा. तुम्ही कोपऱ्यात बसला होता तिथून ते यंत्र दिसत होतं. स्टुडिओतल्या ‘वॉशर’मध्ये प्रत्येक सूर आपापल्या जागी नीट बसलाय, इथं तो जागा शोधतोय. ‘नॉस्फेराटू मॅन’चे तीन अवतार आहेत: एव्हन्स्टनच्या फितीवरचा कच्चा तुकडा, तळघरातली तालीम, आणि चार ट्रॅकच्या यंत्रावर गाऊन बघितलेला नमुना. तिन्ही ओळीनं ऐका, मग अल्बममधलं ऐका. गाणं हळूहळू कसं घडतं, हे इतक्या जवळून दाखवणारा दुसरा पुरावा रॉकमध्ये मला तरी ठाऊक नाही. लोकांनी वर्षानुवर्षं या अल्बमला गूढ म्हटलं, जणू तो कुठून तरी आपोआप उगवला. या फिती त्या मुलांना त्यांची मेहनत परत देतात. ‘पॅम’ नावाचं अख्खं गाणं अल्बममध्ये बसलं नाही म्हणून वगळलं होतं, ते इथं आहे. १९८९ मध्ये शिकागोत वाजवलेलं नील यंगचं ‘कॉर्टेझ द किलर’ आहे, आणि त्या दिवशी हे चौघं किती मजेत होते ते त्यात ऐकू येतं.

आणि ‘टॉड्स साँग’. ‘स्पायडरलँड’नंतर बांधायला घेतलेलं. पूर्ण झालेलं नाही, तसंच ठेवलंय, कामात असलेलं. तिसऱ्या अल्बमचं दार इथं वीतभर उघडलेलं दिसतं. दोनदा ऐका. पहिल्यांदा हळहळ वाटेल. दुसऱ्यांदा त्यातलं बेसचं वळण डोक्यात राहील.

ऐकून झालं की बार्ड्सटाउन रोडला एक फेरी मारा. इअर एक्स-टसी आता नाही, २०११ मध्ये बंद झालं. पण वाइल्ड अँड वूली नावाचं व्हिडिओचं दुकान अजून चालू आहे. फळ्यांवर छतापर्यंत सिनेमे लावलेत, प्लास्टिकच्या डब्यांचा तो ओळखीचा वास आहे, कुणीतरी दोन भयपटांत कुठला न्यावा यावर तावातावानं बोलतंय. हे दुकान टॉड ब्रॅशिअरचं. होय, तोच, बेसवाला. दुकान पुढच्या वर्षी बंद होणार आहे, तेव्हा एखादा सिनेमा आजच घेऊन जा.